क्वांटम बुद्धिबळ घरच्या पटावर: दोन संच, एक वही, चार नाणी

क्वांटम बुद्धिबळ म्हटलं की बहुतेकांना वाटतं, बुद्धिबळात फासे आणून बसवले असणार. पण फाशांचं बुद्धिबळ आपल्याकडे फार जुनं आहे. अल-बिरुनीने इ. स. १०३०च्या सुमारास भारताबद्दल जे लिहून ठेवलं, त्यात चौघांनी खेळायच्या बुद्धिबळाचं वर्णन येतं आणि कोणता मोहरा हलवायचा हे तिथे फासाच ठरवतो. क्वांटम बुद्धिबळ म्हणजे ते नव्हे. त्यात नशिबाचा भाग आहे, पण त्यात एक अशीही चाल आहे की दोन ठिकाणी अर्धा-अर्धा असलेला घोडा एका घरात आणायचा म्हटलं, तर कधी तो पूर्ण येतो, कधी अर्धाच येतो आणि कधी मुळीच येत नाही. हे ठरताना कोणी नाणं उडवत नाही. आधीच्या चालींचा हिशेबच ते ठरवतो. फाशांकडून हे कधीच होणार नाही.

मी शनिवारी मुलांना हा खेळ शिकवतो. संगणकावर तो मिळतो, पण वहीत हिशेब ठेवून, हाताने मोहरे हलवून खेळलेला एक डाव दहा व्याख्यानांपेक्षा जास्त शिकवतो असं माझं ठाम मत आहे. पडद्यावर टक्केवारी आपोआप दिसते, त्यामुळे ती कुठून आली हा प्रश्नच पडत नाही. म्हणून हा लेख हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. बुद्धिबळाचे नेहमीचे नियम येत असले की पुरे. भौतिकशास्त्र जिथे लागेल तिथे सांगत जातो.

आधी सोपा खेळ: हात लावला की ठरलं

क्वांटम बुद्धिबळाचे प्रकार अनेक आहेत, पण दोन ठळक. त्यातला पहिला कॅनडातल्या किंग्स्टन गावच्या क्वीन्स विद्यापीठातला. संगणकशास्त्राचे प्राध्यापक सेलिम आकल यांनी कल्पना मांडली आणि तिथलीच विद्यार्थिनी अ‍ॅलिस विस्मथ हिने २०१० मध्ये त्याचा चालता खेळ बनवला. आकल यांचा हेतू सरळ होता. साध्या बुद्धिबळात संगणक माणसाला हरवतो, कारण तो पुढच्या हजारो शाखा मोजू शकतो. मोहरा कोणता आहे हेच आधी माहीत नसेल, तर दोघंही बऱ्यापैकी एका पातळीवर येतात.

हा खेळ घरी मांडायला अर्धा तास लागतो. राजा सोडून प्रत्येक बाजूचे १५ मोहरे घ्या. वजीर, हत्ती, उंट, घोडे आणि प्यादी यांची नावं लिहिलेल्या १५ चिठ्ठ्या करा, पालथ्या पिसा आणि प्रत्येक मोहऱ्याच्या तळाला एक चिकटवा. चिठ्ठी कोणीही वाचायची नाही. आता प्रत्येक मोहऱ्याला दोन रूपं झाली: एक वरून दिसतं ते, दुसरं खाली लपलेलं. राजा मात्र राजाच राहतो.

आपली पाळी आली की एका मोहऱ्याला हात लावायचा आणि नाणं उडवायचं. छापा पडला तर वरचं रूप, काटा पडला तर चिठ्ठीवरचं. जे रूप निघेल त्याप्रमाणे चाल करायची. त्या रूपाला हलायला जागाच नसेल, तर पाळी गेली. मोहरा पांढऱ्या घरात थांबला तर ते रूप पक्कं राहतं. काळ्या घरात थांबला तर तो पुन्हा दुहेरी होतो आणि पुढच्या वेळी हात लावताना परत नाणं उडवावं लागतं.

‘हात लावला की तोच मोहरा खेळायचा’ हा नियम आपण लहानपणापासून पाळत आलो आहोत. इथे त्याच हात लावण्याला भौतिकशास्त्रातल्या मापनाचा अर्थ येतो: पाहिलं की दोनांपैकी एक रूप उरतं. मुलांना ही गोष्ट पाच मिनिटांत कळते. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर हा खेळ अजून फाशांच्या जवळचाच आहे. त्यात मापन आहे, पण शक्यतांना एकमेकींना वाढवणाऱ्या किंवा मारणाऱ्या लाटा नाहीत; त्या शेवटी येतील. एक-दोन डाव खेळा आणि पुढे या.

खरा खेळ: मोहरा दोन घरांत

दुसरा प्रकार अमेरिकेतल्या ख्रिस कँटवेलचा. २०१६ च्या जानेवारीत कॅलटेक या अमेरिकेतल्या विज्ञानसंस्थेच्या एका कार्यक्रमासाठी बनवलेल्या छोट्या चित्रफितीत स्टीफन हॉकिंग आणि अभिनेता पॉल रड हाच खेळ खेळताना दिसले, आणि त्या डावात रड जिंकला. २०१९ मध्ये कँटवेलने खेळामागचं गणित शोधनिबंधातून सविस्तर मांडलं. डिसेंबर २०२० मध्ये क्यू-टू-बी या क्वांटम संगणकांवरच्या परिषदेत याची पहिली स्पर्धा झाली. ती अलेक्झांडर कुबिका या भौतिकशास्त्रज्ञाने जिंकली, अंतिम फेरीत त्याच्यासमोर गूगलचा डग स्ट्रेन होता. गूगलच्या ‘रिसर्क’ या सगळ्यांना खुल्या प्रोग्रामसंचात या खेळाचा कोडही आहे, म्हणजे खऱ्या क्वांटम संगणकासाठी तो लिहिलेला आहे.

या खेळात मोहऱ्याचं रूप पक्कं असतं. घोडा तो घोडाच. अनिश्चित असते ती त्याची जागा. कँटवेलच्या मांडणीत पटावरचं प्रत्येक घर म्हणजे एक क्यूबिट: भरलेलं किंवा रिकामं, किंवा दोन्हींची मिसळ. ६४ घरं, ६४ क्यूबिट.

साहित्य असं लागेल. एकाच मापाचे बुद्धिबळाचे दोन संच, कारण एकच घोडा एका वेळी दोन-तीन घरांत उभा करावा लागतो. एक वही. चार नाणी. आणि अर्धवट मोहऱ्यांखाली ठेवायला रंगीत कागदाचे गोल तुकडे. तुकडा असेल तर ‘हा इथे असेलच असं नाही’ असं समजायचं. तुकड्यांवर पेन्सिलीने अपूर्णांक लिहिता येतो.

वहीचं पान हे या खेळाचं काळीज. त्यावर प्रत्येक ओळीत एक पूर्ण शक्यता लिहायची आणि पुढे तिचा वाटा. पूर्ण मोहरे वहीत लिहायचे नाहीत, ते पटावर दिसतातच. फक्त अर्धवट मोहरे लिहायचे. पटाकडे पाहून खेळायचं, पण शंका आली की वहीचा शब्द शेवटचा.

फाटा

पहिली नवी चाल म्हणजे फाटा. रस्त्याला फाटा फुटतो तसा मोहरा एकाच पाळीत दोन घरांत जातो. दोन्ही घरं त्या मोहऱ्याच्या नेहमीच्या चालीत बसणारी आणि रिकामी हवीत. प्यादी सोडून सगळ्यांना फाटा फोडता येतो, राजालासुद्धा.

पट मांडा आणि हे करून पाहा. पांढऱ्याने वजिरासमोरचं प्यादं डी४ वर आणलं. काळ्याने डी५ खेळलं. आता डी२ रिकामं झालं, म्हणून बी१ वरच्या घोड्याला तीन घरं मिळतात: ए३, सी३ आणि डी२. पांढरा फाटा फोडतो, सी३ आणि डी२. दोन्हीकडे एकेक घोडा ठेवा, खाली तुकडे सरकवा. वहीत लिहा:

पहिली ओळ: घोडा सी३, वाटा अर्धा.
दुसरी ओळ: घोडा डी२, वाटा अर्धा.

पुढच्या पाळीत सी३ वरच्या अर्ध्या घोड्याने पुन्हा फाटा फोडला, समजा बी५ आणि ए४ कडे, तर पहिली ओळ दोन होते, प्रत्येकीचा वाटा पाव. दुसरी जशी होती तशीच. वाट्यांची बेरीज नेहमी एक यायला हवी. नाही आली तर तिथेच थांबा आणि चूक शोधा, पुढे गेलात तर सगळा डाव वाया जातो.

अर्धवट मोहऱ्याच्या पलीकडे

आता मला सगळ्यात जास्त आवडणारी जागा. फाटा एकदाच फोडून घोडा सी३ आणि डी२ वर आहे असं धरा. काळा काहीतरी खेळला. पांढऱ्याला सी१ चा उंट एफ४ वर न्यायचाय. वाट डी२ वरून जाते आणि डी२ वर अर्धा घोडा आहे. वाट मोकळी आहे की अडलेली?

उत्तर आहे: ज्या ओळीत मोकळी आहे त्या ओळीत उंट जातो आणि जिथे अडलेली आहे तिथे जागेवर राहतो. नाणं उडवायचं नाही. वही अशी होते:

पहिली ओळ: घोडा सी३, उंट एफ४, वाटा अर्धा.
दुसरी ओळ: घोडा डी२, उंट सी१, वाटा अर्धा.

पटावर आता दोन अर्धे घोडे आणि दोन अर्धे उंट दिसतात. नुसत्या पटाकडे पाहणाऱ्याला वाटेल, घोड्याच्या दोन शक्यता आणि उंटाच्या दोन, म्हणजे एकूण चार. वही सांगते की दोनच आहेत. घोडा सी३ वर आणि उंट सी१ वर अशी ओळच नाही. दोघांचं नशीब एकमेकांत अडकलं, यालाच भौतिकशास्त्रात एंटँगलमेंट म्हणतात. मुलांना मी याला सरळ ‘गुंता’ म्हणायला सांगतो. कोणीही कोणाला हात लावलेला नाही, उंट फक्त घोड्याशेजारून गेला, एवढ्यानेच गुंता झाला. हत्ती आणि वजीर यांच्याबाबतीतही हाच नियम. घोडा मात्र उडी मारतो, म्हणून त्याच्या वाटेत कोणी येत नाही.

मापन: नाणं कधी उडवायचं

नाणं दोनच प्रसंगी लागतं. दोन्हींच्या मागे एकच तत्त्व आहे: एका घरात दोन वेगळे मोहरे कधीच राहू शकत नाहीत, आणि कोणत्या घरात कोणता मोहरा असू शकतो याबद्दल दोघा खेळाडूंना कधी शंका राहता कामा नये.

पहिला प्रसंग मारण्याचा. अर्धवट मोहऱ्याने मारायचं ठरवलं, तर आधी मारणारा तिथे खरंच आहे का ते मोजायचं. वरच्याच स्थितीत पांढरा म्हणतो, ‘सी३ च्या घोड्याने डी५ चं प्यादं घेतो.’ नाणं उडवा. छापा आला तर घोडा सी३ वर होता: दुसरी ओळ खोडा, घोडा डी५ वर न्या, प्यादं काढा. आणि पाहा, उंट आता एफ४ वर पूर्ण झाला, सी१ रिकामं. काटा आला तर घोडा डी२ वर होता: पहिली ओळ खोडा, प्यादं जागेवर, पांढऱ्याची पाळी फुकट आणि उंट सी१ वर पूर्ण. उंटाला कोणी हात लावला नव्हता. घोडा मोजला आणि उंट ठरला.

लांब जाणाऱ्या मोहऱ्याने अर्धवट अडलेल्या वाटेतून मारायचं असेल, तर ‘मोहरा आहे आणि वाट मोकळी आहे’ हे दोन्ही मिळून एकदाच मोजायचं. ज्या ओळींत दोन्ही खरं, त्या एका बाजूला. बाकीच्या दुसऱ्या बाजूला. वाटे पाव-पाव असतील तर दोन नाणी उडवा, आठवा हिस्सा असेल तर तीन. मापन झालं की उरलेल्या ओळींचे वाटे त्याच प्रमाणात वाढवून बेरीज पुन्हा एक करायची.

एक गोष्ट नवशिके हमखास विसरतात: मोजायचा तो मारणारा, मरणारा नव्हे. समजा पांढऱ्याचा घोडा ए३ आणि सी३ वर अर्धा-अर्धा आहे आणि काळ्याचा पूर्ण उंट बी४ वरून सी३ वर मारतो. उंट पूर्ण आहे, म्हणून नाणं नको. उंट सी३ वर गेला. एका ओळीत घोडा मेला, दुसऱ्या ओळीत तो ए३ वर सुखरूप आहे. घोडा आता ‘अर्धा ए३ वर, अर्धा मेलेला’ अशा अवस्थेत पुढे खेळतो. वहीत ‘घोडा मेला’ असं लिहिलेली ओळ खोडायची नाही, तीही एक शक्यताच आहे. याच जागेवर काळ्याचा डाव पाहा: बी२ चं प्यादं सी३ वरचा पूर्ण उंट आता बिनधोक घेऊ शकतं. काळ्याने पूर्ण उंट देऊन अर्धा घोडा घेतला. असा व्यवहार करण्याआधी दहा वेळा विचार करा.

दुसरा प्रसंग आपल्याच मोहऱ्याच्या घरात दुसरा मोहरा न्यायचा. जिथे आपला अर्धा घोडा आहे तिथे हत्ती न्यायचा असेल, तर आधी ते घर मोजायचं. घोडा निघाला तर हत्ती जागेवर आणि पाळी गेली. नाही निघाला तर हत्ती तिथे. जाणते खेळाडू हे मुद्दाम करतात. गुंता फार वाढला आणि आपला मोहरा कुठे आहे ते पक्कं करून घ्यायचं असेल, तेव्हा एक पाळी खर्चून आपणच आपलं मापन करून घ्यायचं.

प्याद्याच्या तिरप्या मारण्याचं गणित थोडं वेगळं आणि नाजूक आहे. घरी सुरुवातीला एक करार करा: समोरचा मोहरा अर्धवट असेल तर आधी त्याचं नाणं उडवायचं, असेल तर मारायचं, नसेल तर पाळी गेली. हा सोपा केलेला नियम आहे. किल्लेकोटही पहिल्या चार-पाच डावांत बाजूला ठेवा.

राजा, शह आणि शेवट

या खेळात शह नाही आणि मातही नाही. राजा मारला की डाव संपतो, आणि मारला म्हणजे पूर्ण मारला, एकाही ओळीत जिवंत उरता कामा नये. म्हणून कोणी शह दिलाय हे सांगायचं बंधन नाही, राजा धोक्याच्या घरात गेला तरी चालतं. शहावर वाढलेल्या खेळाडूला ही सवय लागायला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या डावांत एकमेकांना सांगायला हरकत नाही.

राजाला फाटा फोडणं हा बचावाचा मोठा मार्ग. राजा ई२ आणि एफ१ वर अर्धा-अर्धा आहे आणि काळ्याच्या पूर्ण वजिराने ई२ वर मारलं, तर एका ओळीत राजा मेला, दुसऱ्या ओळीत तो एफ१ वर आहे. डाव चालूच. पण आता पांढऱ्याने सावध राहायला हवं. राजा ज्यांच्याशी गुंतलाय अशा कुठल्याही मोहऱ्याचं मापन झालं आणि मेलेली ओळ उरली, तर डाव त्या क्षणी गेला. मागच्या एका शनिवारी एका मुलीने हत्तीने साधं प्यादं मारलं. हत्ती चार पाळ्यांपूर्वी अर्ध्या राजाजवळून गेला होता, हे तिच्या लक्षात नव्हतं. काटा पडला आणि राजा गेला. तिने वही उघडून ओळी पुन्हा वाचल्या आणि म्हणाली, ‘सर, हे तर लिहिलेलंच होतं.’ त्या दिवसापासून ती प्रत्येक मारण्याआधी वही वाचते. मीही सगळ्यांना तेच सांगतो: मारायचं ठरलं की आधी वही.

डावाची बाकी नीती थोडक्यात. धोक्यात असलेला वजीर फाटा फोडून निम्मा वाचवता येतो, पण अर्धवट वजिराने मारणं म्हणजे नाणं, हे विसरू नका. हल्ल्यासाठी पूर्ण मोहरे राखा, बचावासाठी अर्धवट. प्रतिस्पर्ध्याचा अर्धवट मोहरा मारायला आपला पूर्ण आणि महागडा मोहरा पाठवू नका. आणि ओळी सोळाच्या वर जाऊ लागल्या की हाताचा हिशेब कोलमडतो. तेव्हा दोघांनी मिळून ठरवा की पुढची चाल मापनाची असेल.

संगम: इथे फासे हरतात

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती चाल. फाट्याच्या उलट ती संगम. एकाच मोहऱ्याचे दोन भाग एका रिकाम्या घरात एकत्र आणायचे. त्या घरात दोन्हीकडून नेहमीच्या चालीने पोचता यायला हवं.

हे समजायला विहिरीत टाकलेले दोन खडे आठवा. दोन्हींच्या लाटा पसरतात. जिथे उंचवट्यावर उंचवटा येतो तिथे पाणी दुप्पट उसळतं, जिथे उंचवट्यावर खोलगा येतो तिथे पाणी सपाट राहतं. याला व्यतिकरण म्हणतात. क्वांटममधल्या प्रत्येक शक्यतेला वाट्याबरोबर लाटेसारखी एक कलाही असते, म्हणजे ती लाट आत्ता उंचवट्याच्या जागी आहे की खोलग्याच्या की मध्ये कुठे. वहीत आपण आतापर्यंत वाटे लिहिले. कला लिहिली नव्हती. आता लिहायची.

कँटवेलच्या गणितात साध्या चालीगणिक त्या भागाची कला पाव फेरा पुढे सरकते. चार पावलं झाली की पूर्ण फेरा, जिथून निघाली तिथे परत. म्हणून वहीत प्रत्येक भागापुढे फाट्यानंतर त्याने किती पावलं टाकली ते लिहा. संगमाच्या वेळी दोन्ही भागांच्या पावलांतला फरक काढा आणि चारने भागा.

बाकी शून्य उरली तर दोन्ही लाटा सारख्या: मोहरा पूर्ण नव्या घरात. बाकी दोन उरली तर लाटा उलट: नव्या घरात काहीच पोचत नाही, मोहरा पूर्णपणे जुन्या दोनांपैकी एका घरात. घरी ‘संगम करताना ज्या घराचं नाव आधी घेतलं ते’ असं ठरवून टाका. बाकी एक किंवा तीन उरली तर अर्धा नव्या घरात, अर्धा त्या पहिल्या नावाच्या घरात.

असं का? एकटा एकच भाग संगमाच्या चालीतून गेला असता, तर तो अर्धा नव्या घरात आणि अर्धा पहिल्या नावाच्या घरात पोचला असता. दोन्ही भाग मिळून गेले की प्रत्येक घरात दोन-दोन लाटा येतात. कला सारख्या असतील तर नव्या घरातल्या लाटा एकमेकींना वाढवतात आणि पहिल्या घरातल्या एकमेकींना मारतात. कला उलट असतील तर नेमकं याच्या उलट. फाशांच्या शक्यता फक्त बेरीज होतात, त्या एकमेकींना कधीच मारत नाहीत. दोन अर्धे मिळून शून्य व्हायचं असेल तर लाटाच लागतात.

हा हिशेब दोन्ही भागांचे वाटे सारखे असताना आणि ते दुसऱ्या कोणात गुंतलेले नसतानाच चालतो. गुंता झाला तर काय होतं, हे मुद्दाम वेगळं पाहू.

तीन सराव

काळ्याला या तिन्ही सरावांत फक्त कडेची प्यादी एकेक घर पुढे सारायला सांगा, म्हणजे लक्ष पांढऱ्यावर राहील.

पहिला. डी४, मग घोडा बी१ वरून सी३ आणि डी२ असा फाटा, मग लगेच दोघांचा ई४ वर संगम. पावलं दोन्हींची शून्य, फरक शून्य. घोडा ई४ वर पूर्ण. तुकडा काढून टाका.

दुसरा. तीच सुरुवात, पण फाट्यानंतर मध्येच सी१ चा उंट डी२ ओलांडून एफ४ वर न्या. मग घोड्याचा संगम ई४ वर, सी३ चं नाव आधी घेऊन. घोड्याची पावलं आताही शून्यच. तरीही घोडा ई४ वर पूर्ण होत नाही! एका ओळीत उंट एफ४ वर आहे, दुसरीत सी१ वर. दोन ओळी वेगळ्या झाल्या, त्यांच्या लाटा एकमेकींना भेटतच नाहीत. प्रत्येक ओळ आपली आपण जाते: अर्धी ई४, अर्धी सी३. वहीत चार ओळी होतात, प्रत्येकी पाव, आणि घोडा ई४ वर अर्धा, सी३ वर अर्धा. उंटाने जाता जाता घोडा कुठे होता याची नोंद आपल्या जागेत करून ठेवली. ती नोंद कोणी वाचली नाही तरी पुरे, व्यतिकरण मोडतं. दोन फटींतून कण सोडून मागच्या पडद्यावर लाटांसारखे पट्टे पाहायच्या प्रयोगात कण कोणत्या फटीतून गेला याची खूण राहिली तर पडद्यावरचे पट्टे नाहीसे होतात, त्याचं कारण हेच. क्वांटम संगणक बांधणाऱ्यांची झोप याच गोष्टीने उडालेली असते, कारण आजूबाजूचा प्रत्येक कण त्या उंटासारखा शेजारून जात असतो. खेळाच्या भाषेत सांगायचं तर संगम करायचा असेल तर आपल्या फाट्यांमधून आपलेच लांब जाणारे मोहरे नेऊ नका, आणि प्रतिस्पर्ध्याचा संगम मोडायचा असेल तर आपला हत्ती किंवा उंट त्याच्या अर्ध्या मोहऱ्याच्या पलीकडे न्या.

तिसरा सराव दोन पट शेजारी मांडून करायचा. दोन्हीकडे बी१ चा घोडा ए३ आणि सी३ असा फाटा. पहिल्या पटावर सी३ चा भाग ई४ वर नेऊन परत सी३ वर आणा, म्हणजे दोन पावलं. दुसऱ्या पटावर तोच भाग तसाच दोनदा नेऊन आणा, म्हणजे चार पावलं. आता वह्या मिटवून ठेवा आणि घरातल्या कोणाला तरी बोलवा. पांढरे मोहरे दोन्हीकडे हुबेहूब सारखे: ए३ वर अर्धा घोडा, सी३ वर अर्धा घोडा. कुठेही मापन केलं तरी छापा-काट्याची शक्यता दोन्हीकडे सारखीच. बघणाऱ्याला विचारा, फरक काय? कोणालाच सांगता येणार नाही, कारण दिसण्यासारखा फरक खरोखरच नाही. मग दोन्हीकडे ए३ चं नाव आधी घेऊन बी५ वर संगम करा. दुसऱ्या पटावर घोडा बी५ वर पूर्ण उभा राहतो. पहिल्या पटावर बी५ रिकामं राहतं आणि घोडा ए३ वर, तोही पूर्ण. मग वह्या उघडून त्यांच्या हातात द्या.